आईला कुणी काही विचारणार नाही असे बेट

५ जानेवारी

ती. स्व. मामा यांस,
साष्टांग नमस्कार.

आपल्याला हे पत्र लिहिण्याचा मला तसा कोणताच अधिकार नाही. आपली-माझी भेट एकदाच झाली, तीही एका लग्नाच्या गर्दीत, आणि तेव्हा मी सर्व वेळ आईच्या पाठीमागे उभी होते. त्यामुळे आपल्या मावसबहिणीच्या या मुलीचा चेहरा आपल्याला आठवत नसेल तर त्यात आपला काही दोष नाही. आपल्या अतिथिगृहाच्या संकेतस्थळावर ‘केव्हाही लिहा, घरच्यासारखे लिहा’ असे वाक्य आहे. ते गिऱ्हाइकांसाठी आहे हे मला समजते. तरी त्याचाच आधार घेऊन हे धाडस करीत आहे. प्रस्तावना लांबली, त्याबद्दलही क्षमा असावी.

आईला १० ते २० फेब्रुवारी अशी रजा मिळाली आहे. तिने व बाबांनी कुठेतरी उबदार ठिकाणी, समुद्राकाठी जावे असे मला वाटते. येथे सध्या इतकी थंडी आहे की आई पायमोजे घालून झोपते आणि तरी सकाळी तिची बोटे निळी दिसतात. आमच्या कोपऱ्यावरच्या सहलवाल्याकडे मी तीनदा जाऊन आले. त्याच्याकडे उष्ण समुद्राच्या भरपूर सहली आहेत, परंतु प्रत्येक सहलीच्या तळाशी बारीक अक्षरात ‘पासपोर्ट आवश्यक’ असे असते, आणि आमचे घोडे नेमके तेथेच अडते.

कारण असे की बाबा मुद्रितशोधक आहेत. शाळेत घालताना गुरुजींनी त्यांची जन्मतारीख अंदाजाने लिहिली आणि पुढे प्रत्येक कागदावर तीच उतरली. पासपोर्टच्या अर्जाखाली ‘वरील सर्व मजकूर खरा आहे’ असे वाक्य असते. बाबा म्हणतात, “चूक दिसत असताना खाली सही करायची, हे मी आयुष्यात केलेलं नाही.” ते दोन वेळा खिडकीपर्यंत जाऊन सही न करता परत आले. आईचा अर्ज त्यांच्याच अर्जाला टाचलेला असल्याने तोही परत आला.

तेव्हा विनंती अशी की, आपल्याच देशातील, नुसत्या ओळखपत्रावर जाता येईल अशा बेटांपैकी या दोघांना कोणते योग्य ठरेल, याचे मार्गदर्शन करावे. आईला विश्रांतीची, आणि त्यातही शांततेची, निकड आहे.

आपली नम्र,
भाची


७ जानेवारी

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

अगं, लग्नात ताईच्या मागे पुस्तक वाचत उभी होती ती तूच ना? आठवतेस की. तुझं पत्र वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो, एवढं शुद्ध कुणी मला लिहिलेलं नाही.

आता ऐक. पासपोर्ट न लागणारी बेटं आपल्याकडे चार. दिव्याच्या बेटावर दीपगृह आहे आणि शेळ्या आहेत. दोन दिवसांत माणूस शेळ्यांशी बोलायला लागतो. प्रवाळाचं बेट नव्या जोडप्यांचं. तिथे ताई आणि दाजी एकमेकांकडे बघत बसतील आणि दोघांना वाटेल, हे कोण. शेपटीचं बेट तर विचारूच नकोस. फोन लागत नाही, बाजार नाही, आठवड्यातून दोनदा बोट. तुझी मामी वर्षातून एकदा दात दाखवायला तिकडे जाते, तीच काय ती.

राहिलं आमचं मोठं बेट. गरम वाळू, गरम पाणी, आणि सख्ख्यासारखा भाऊ. विषय संपला. ताई इथेच येणार.

आता पटकन ताईला विचारून कळव. खोली समुद्राकडची हवी की बागेकडची? उशी कडक की मऊ? पंखा चालेल की गार हवेचं यंत्रच पाहिजे? मासे काट्याचे चालतात का? सकाळचा चहा कितीला? मच्छरदाणी लावतात की जीव घुसमटतो? दाजींना जिने चढवतात का? बाकीचं आठवेल तसं विचारतोच. सगळं ताईच्या मनासारखं झालं पाहिजे, म्हणून तिलाच विचार हं, आपल्या मनाने सांगू नकोस.

तुझा मामा


११ जानेवारी

ती. स्व. मामा यांस,
साष्टांग नमस्कार.

आपल्या आपुलकीने मी भारावून गेले. आपल्या प्रश्नांची उत्तरे पुढीलप्रमाणे: समुद्राकडची, मऊ, पंखा, चालतात, केव्हाही, लावतात, चढवतात. ही उत्तरे मी आईला न विचारता दिली आहेत. तिच्यासोबत बावीस वर्षे राहिल्यामुळे ती बरोबर असावीत.

आईला न विचारण्याचे कारण थोडे विस्ताराने सांगते. आपल्याला ठाऊकच आहे की आई रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीत बसते. एक्स-रे कुठे, रक्त कुठे द्यायचे, डॉक्टर किती वाजता येणार, माझा माणूस कोणत्या मजल्यावर, हे लोक तिला सकाळपासून विचारीत असतात, आणि काचेतल्या त्या गोल भोकातून ती प्रत्येकाला उत्तर देते. संध्याकाळी ती घरी येते तेव्हा वरच्या मजल्यावरून काकू हाक मारतात, “अगं, हिंगाची डबी तुमच्याकडे राहिली का?” आत्या शेजारच्या गल्लीतून येऊन विचारते, “आज काय करतेस?” बाबा चष्मा विचारतात. तो बहुधा त्यांच्या कपाळावर असतो, पण तेही आईलाच सांगावे लागते. अशा परिस्थितीत प्रश्नांची संख्या शक्य तितकी मर्यादित राहिल्यास बरे होईल, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

आणखी एक गोष्ट संकोचाने कळवते. मी आपले पत्र संगणकावर उघडे ठेवून पाणी प्यायला गेले आणि आत्याने ते वाचले. रात्री जेवताना ती म्हणाली, “काय गं, उन्हात जायचं चाललंय म्हणे दोघांचं.” थोरले काका म्हणाले, “पासपोर्ट नको? मग आम्हाला काय अडचण आहे?” काकू म्हणाल्या, “माझे गुडघे वाळूत बरे होतील, डॉक्टर केव्हाचे सांगताहेत.” नंतर सर्वांनी आईकडे पाहिले आणि थोरल्या काकांनी विचारले, “तुझं काय मत?”

आई म्हणाली, “भात वाढू का?”

मी हा बेत केवळ दोघांसाठी आखला होता. आपण तो तसाच गृहीत धरावा.

आपली नम्र,
भाची


१४ जानेवारी

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

आनंदाची बातमी. तुझ्या थोरल्या काकांचा मला फोन आला. काय मोकळा माणूस. पाऊण तास बोललो. ते, काकू, आत्या, तुझा चुलतभाऊ आणि त्याची बायको, सगळे येताहेत. मी म्हटलं, या की, दार उघडंच आहे. ताईला किती बरं वाटेल, सगळं घर बरोबर असलं की.

आता खोल्यांचं गणित जरा अवघड झालंय. काकूंना तळमजला हवा, आत्यांना एकटीने झोपायची भीती वाटते, आणि चुलतभावाच्या बायकोला म्हणे आत्यांच्या घोरण्याची. कुणाला कुठे घालायचं ते ताईलाच विचार. तिला घरातल्या प्रत्येकाचा स्वभाव ठाऊक, ती दोन मिनिटांत सोडवील. आणि जेवायला रोज काय करायचं, तेही तिच्याकडून ठरवून घे म्हणजे माझा आचारी आधीच सामान भरून ठेवील. तो आधीच नाकावर राग घेऊन फिरतो.

उत्तरं तू दिलीस म्हणून रागावलो नाही, पण उशीचं मला पटलं नाही. ताई लहानपणी कडक उशी घ्यायची. विचार तिला.

तुझा मामा


१८ जानेवारी

ती. स्व. मामा यांस,
साष्टांग नमस्कार.

आपले पत्र पोहोचले. थोरल्या काकांच्या फोनची हकीकत मला आपल्या पत्रातूनच कळली. घरात ती मला सोडून सर्वांना ठाऊक होती.

गेल्या चार दिवसांत आमच्या घराचे स्वरूप बदलून गेले आहे. काकू तिन्ही त्रिकाळ पायऱ्या उतरून येतात आणि दारातूनच विचारतात, “वाळूत चपला चालतात की बूट?” आत्याने उन्हाची टोपी आणली आहे, ती घालून ती स्वयंपाकघरात येते आणि आईला म्हणते, “नीट बघ, मी म्हातारी दिसते का?” चुलतभावाने आपल्या दुपारच्या सुट्टीत आईच्या खिडकीवर जाऊन, रांगेत उभा राहून, बोटीत उलटी होऊ नये म्हणून कोणती गोळी घ्यावी हे विचारले. रांगेतल्या एका बाईंनी त्याला, “पुढे सरका, आम्हालाही विचारायचं आहे,” म्हणून हटकले. काल आई न्हाणीघरात असताना तिघांनी बाहेरून तीन प्रश्न विचारले. तिने आतून नळ मोठा केला.

मामा, मला काय म्हणावयाचे आहे ते कसे मांडावे हे मला उमगत नाही. माणसाच्या मनाला अधूनमधून एका अशा मोकळ्या जागेची आवश्यकता असते, जेथे त्याच्याकडून कोणतीही अपेक्षा केली जात नाही. समुद्राविषयी मी जेवढे वाचले आहे त्यावरून मला वाटते की समुद्राचे मोठेपण त्याच्या पाण्यात नसून, तो कुणाकडेही काही मागत नाही, यात आहे. आईच्या बाबतीत अशा निरपेक्ष सान्निध्याचे महत्त्व आपण जाणालच. तिच्या येण्याचे प्रयोजन आपण या दृष्टीने पाहावे आणि त्यानुसार योग्य ती व्यवस्था करावी, ही कळकळीची विनंती.

खोल्यांची वाटणी मी करून सोबत जोडली आहे. आईला विचारलेले नाही.

आपली नम्र,
भाची


२१ जानेवारी

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि मग मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘निरपेक्ष सान्निध्य’. वा. तू पुस्तक लिही.

तुझा मुद्दा मला बरोबर कळला. स्पष्ट लिहायला लाजतेस, पण मामा काही दूधखुळा नाही. तीस वर्षं माणसांत बसलेली बाई. तिला दहा दिवस नुसत्या पाण्याकडे बघत बसवलं तर तिचा जीव रमायचा नाही, हीच तुझी काळजी ना? मी रात्रभर विचार केला आणि तोडगा काढला.

आमच्या दारातच एक टेबल आहे. पाहुणे येतात, जातात, सारखं काहीतरी विचारतात: बोट कधी, भरती कधी, कासवं कुठल्या किनाऱ्यावर, दुकान किती वाजता उघडतं. मी उत्तरं देऊन देऊन थकतो. तर ते टेबल दहा दिवस ताईचं. समोर समुद्र, डोक्यावर पंखा, आणि माणसांची वर्दळ. तिला घरच्यासारखं वाटेल. रंगाऱ्याला सांगून मी पाटीही करून घेतोय, निळ्या अक्षरात, ‘चौकशी’. आल्याआल्या बघून ताई हसली पाहिजे. तिला आत्ता सांगू नकोस.

फक्त एवढं विचार तिला, की टेबल खिडकीशी हवं का दाराशी? पण कशासाठी ते सांगू नकोस.

तुझा मामा


२२ जानेवारी

बाळ,

मी तुझी मामी. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, आणि हे दुपारी वामकुक्षीला गेलेत तेवढ्यात लिहितेय, तेव्हा थोडक्यात.

समुद्र कुणाकडे काही मागत नाही, हे यांनी मोठ्याने वाचलं तेव्हा मी भांडी विसळत होते. मला लगेच कळलं. यांना नाही कळलं. यांना कळेल असं लिहायचं तर ‘तिला काही विचारू नका’ एवढंच लिहावं लागतं, आणि तरी ते विचारतात, “काय काय विचारू नको?” मनाने वाईट नाहीत, पण प्रेम उतू जायला लागलं की माणसाला प्रश्नांनी भंडावून सोडतात. घरात पंचवीस वर्षं भाजीपासून बोटीपर्यंत सगळं मलाच विचारून चाललंय.

आता एक गोष्ट सांगते ती तुझ्याजवळच ठेव. मी दरवर्षी शेपटीच्या बेटावर दात दाखवायला जाते. माझे दात उत्तम आहेत. त्या बेटावर दंतवैद्यच नाही. जिथे बाजार नाही तिथे दंतवैद्य कुठून येणार, हा एक प्रश्न सोडून यांनी मला आजवर सगळे विचारलेत.

तिथे एक निवृत्त सिस्टर राहते. तिच्याकडे दोन खोल्या आहेत. तीही चाळीस वर्षं वॉर्डात होती. तिचा एकच नियम आहे: पाहुण्याला काही विचारायचं नाही. नाव ओळखपत्रावरून उतरून घेते, तेही बोलत नाही. सकाळी ओट्यावर चहा, अंडी, फळं झाकून ठेवते. तुम्हाला हवं ते तुम्ही सांगा, नाही सांगितलं तरी चालतं. मी पहिल्या वर्षी दोन दिवस झोपले आणि तिसऱ्या दिवशी बसून रडले, तर तिने ‘काय झालं’सुद्धा विचारलं नाही. शेजारी बसून मटार सोलत राहिली.

ताईंना तिथे पाठव. पासपोर्टचा संबंध नाही. पण खरं सांग, नुसतं दमल्यात की काही झालंय? उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस.

मामी


२४ जानेवारी

ती. स्व. मामी यांस,
साष्टांग नमस्कार.

आपले पत्र मी न्हाणीघराचे दार लावून वाचले, कारण आमच्याकडे एकट्याने वाचण्याची दुसरी जागा उरलेली नाही.

काही झाले आहे. डिसेंबरच्या अखेरीस एका मनुष्याने आईला खिडकीवर विचारले, एक्स-रे कितव्या मजल्यावर. आई त्याच्याकडे पाहत राहिली. त्याने पुन्हा विचारले. तिने काचेवरचा पडदा खाली ओढला आणि हात मांडीवर ठेवून आत बसून राहिली. बाहेर लोक काचेवर बोटे वाजवीत होते. अखेर मेट्रनबाई मागच्या दाराने आत गेल्या. त्यांनी बोलाचाली केली नाही, बदली माणूस मिळेल तेव्हाची, फेब्रुवारीतली रजा लिहून दिली आणि म्हणाल्या, “नीट होऊन या. पुन्हा असं झालं तर खिडकी दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल, आणि तुम्हाला खाली कागदांच्या तळघरात.” आईला ती खिडकी आवडते, मामी. ती दमली असली तरी तिला ती आवडते. तळघरात गेली तर ती परत वर येणार नाही, असे मला वाटते.

शेजारच्या खिडकीतल्या बाईंनी मला फोन करून हे सांगितले. मी आईला विचारले नाही. तिने आपण होऊनच त्या रात्री पांघरूण घालताना सांगितले, “मला उत्तर माहीत होतं गं. दुसरा मजला. द्यावंसंच वाटेना.” घरात तिने सांगितले आहे की साठलेली रजा संपवायची म्हणून मिळाली.

मामांना मी हे लिहिले नाही. आईच्या माहेरच्या माणसांना हे तिच्याकडूनच कळावे असे मला वाटले, आणि त्या नादात मी इतकी वळणे घेऊन लिहिले की मामांनी पाटी रंगवायला टाकली.

काल मी बाबांना सारे सांगितले. ते मुद्रिते तपासत होते. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, “म्हणजे मी पण त्याच रांगेत उभा आहे की.” ते बरोबर जाणार नाहीत असे त्यांनी स्वतःच ठरविले.

मग आईला सांगितले. तिने एवढेच विचारले, “तिथे ओळखीचं कुणी आहे?” मी म्हटले, कुणी नाही. ती उठली आणि माळ्यावरची बॅग स्वतः काढली.

आपण सिस्टरांना कळवाल का? थोरले काका, काकू, आत्या आणि चुलतभाऊ-वहिनी यांची १२ तारखेची तिकिटे निघाली आहेत. ती मंडळी ठरल्याप्रमाणे आपल्याकडेच येतील. त्यांच्यासाठी मला आधीच आपली क्षमा मागावीशी वाटते.

आपली,
भाची


२६ जानेवारी

बाळ,

सिस्टरला निरोप गेला. खोली ठेवलीय. तुमच्या बंदरातून १० तारखेला बोट आहे. उतरल्यावर पांढरं फाटक, घंटा वाजवायची नाही, सरळ आत जायचं.

बाकीच्या पाहुण्यांची काळजी करू नकोस. यांना माणसं हवीच आहेत.

यांना आत्ता काही कळवू नकोस. नऊ तारखेला कळलं तर दहा तारखेला हे स्वतः होडी घेऊन तिकडच्या धक्क्यावर जाऊन उभे राहतील, आणि ताईंना विचारतील, प्रवास कसा झाला.

मामी


७ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

कुठे गायब झालीस? तीन आठवडे होत आले, पत्र नाही. इथे सगळी तयारी झालीय. पाटी इतकी सुरेख झालीय की कालच एक पाहुणा तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, “इथल्या बाई कुठे गेल्या?” मी म्हटलं, थांबा, बारा तारखेला येताहेत.

तुझ्या काकांनी पुन्हा फोन केला होता. ताई दोन दिवस आधी निघतेय असं काहीसं म्हणाले. मला नीट कळलं नाही, आवाज तुटत होता. आधी येतेय का इकडे? की वाटेत कुणाकडे थांबतेय? कुणाकडे? मामीला विचारलं तर ती म्हणते, मला काय माहीत, मी त्या घरची आहे का. हल्ली तिचे दात पुन्हा दुखताहेत वाटतं, चिडचिड करते.

टेबलाचं तू कळवलं नाहीस, म्हणून मी दाराशीच ठेवलंय. लगेच उत्तर दे. ताईला फोन केला तर ती उचलत नाही. ठीक आहे ना सगळं?

तुझा मामा


१० फेब्रुवारी

ती. स्व. मामा यांस,
साष्टांग नमस्कार.

आपल्या पत्राला उत्तर द्यायला तीन दिवस लावले, ते जाणूनबुजून. या वेळी मी सरळ लिहिते.

आई आपल्याकडे येत नाही. ती दहा दिवस दुसरीकडे राहणार आहे. ती ठीक नाही आणि ठीक होण्यासाठी गेली आहे. तिला कुणी काही विचारू नये, एवढेच औषध तिला हवे आहे. हे मी पहिल्याच पत्रात अशाच शब्दांत लिहायला हवे होते. आपण तिच्यासाठी जे जे केलेत ते मायेने केलेत हे मला ठाऊक आहे, आणि ते लिहितानाही मला संकोच वाटतो आहे, परंतु मामा, पाटी कृपया काढा.

घरात हे बाबांनी सांगितले. परवा जेवताना थोरल्या काकांनी विचारले, “ती दोन दिवस आधी कशाला जातेय?” बाबा म्हणाले, “तिला जायचं आहे म्हणून.” काकूंनी विचारले, “म्हणजे पुढे जाऊन आमच्या खोल्या बघेल ना?” बाबा म्हणाले, “नाही.” आत्या म्हणाली, “मग आम्हाला तिकडे काही लागलं तर कुणाला विचारायचं?” सर्वांनी आईकडे पाहिले. ती जेवत होती. तिने वर पाहिले नाही.

परवा ही पाच माणसे आपल्या दारात उतरतील. त्यांना चपला की बूट, कोणती गोळी, कोणती खोली, हे सारे विचारायचे आहे. आपण त्यांना उत्तरे द्याल याची मला खात्री आहे. त्यांच्यात आपला वेळ उत्तम जाईल.

हे पत्र मी बंदराच्या प्रतीक्षालयातून लिहीत आहे. येथे खारा, दमट वारा आहे आणि बाकांवर मासळीच्या टोपल्यांचे ओले डाग आहेत. बाबा बाहेर धक्क्यावर उभे आहेत. मघाशी आई बोटीच्या फळीवर चढली तेव्हा बाबांनी काहीतरी विचारण्यासाठी तोंड उघडले. आई फळीवरच थांबली आणि मागे वळली. मला इथून तिचा चेहरा दिसत होता. खिडकीत समोर माणूस आला की होतो तसा तो झाला होता. बाबांनी तोंड मिटले आणि नुसता हात हलवला. मग आईने मफलर सोडला, तो बाबांकडे टाकला आणि आत गेली. बाबांनी तो अजून हातात धरला आहे.

आपण मला अवश्य लिहा. मला आपली पत्रे आवडतात. मात्र आई कुठे गेली हे विचारू नये. आपण विचाराल, हे मला माहीत आहे; मी सांगणार नाही, हे आपण आता ओळखले असेलच. बोट वळून उघड्या पाण्यात जाईपर्यंत थांबायचे आणि मगच हे पत्र पाठवायचे असे मी ठरविले होते. आता नुसता धूर दिसतो आहे.

आपली,
भाची

पाठविले: १० फेब्रुवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी.